आमच्या माळ्यावरील भांडी

आमच्या ठाण्याच्या घरी बैठकीच्या खोलीत तांब्याची एक हंडी पुष्कळ वर्षे आहे. तिचा उपयोग म्हणाल तर कोणताच नाही. पूर्वी तीत छत्र्या उभ्या असत, सांप्रत एक शोभेचे झाड आहे. दिवाळीपूर्वी ती चिंच लावून घासली जाते आणि नवे पाहुणे आले की, "ही आमच्या आजोबांच्या वेळची, मुरबाडच्या वाड्यातली," असे सांगण्याचा परिपाठ आम्ही निष्ठेने पाळीत आलो आहोत. पाहुणेही ती बोटाने वाजवून पाहतात आणि हल्ली असले तांबे मिळत नाही म्हणून हळहळतात. तिच्या बुडाशी कोणी खिळ्याने ४१ हा आकडा कोरलेला आहे. घरातील इतर भांड्यांवर नावे आहेत. आईच्या लग्नातील भांड्यांवर तर नाव, गाव आणि तिथी एवढा मजकूर आहे. या हंडीवर मात्र नुसता आकडा. त्याचे कारण कोणास विचारावे असे आम्हांस इतक्या वर्षांत एकदाही सुचले नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही तो वाडा पाहण्यास गेलो, ते काही पूर्वजांच्या स्मरणाने व्याकुळ होऊन नव्हे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेल्यापासून त्या बाजूच्या जमिनीस गिऱ्हाईक आले आहे. आठवड्यातील पाच दिवस मुंबईत काढणाऱ्या लोकांस उरलेल्या दोन दिवसांसाठी खेड्यात घर हवे असते. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत. त्यांतील काही परदेशी, काही एकमेकांशी न बोलणारी. या सतरा जणांचे कोणत्याही विषयावर एकमत झाल्याचे आम्ही कधी ऐकले नव्हते. विक्रीच्या बाबतीत ते एका सायंकाळी झाले. राहता राहिले वाड्यातील सामान. ते पाहून, वाटून, उरले ते मोडीत काढण्याचे काम आमच्यावर आणि आमच्या धाकट्या भगिनीवर आले. कारण आम्ही दोघेच निवृत्त.

आसनगावास लोकलमधून उतरलो आणि शहापुराहून किन्हवलीच्या रस्त्यास लागलो. पाठीशी माहुलीचे सुळके सकाळच्या धुक्यातून वर निघत होते. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे याच गडावर हार पत्करावी लागली, ही गोष्ट आमचे वडील प्रत्येक खेपेस सांगत. सवयीने आम्हीही ती भगिनीस सांगितली आणि सवयीने तिने ऐकली. भातकापणी होऊन गेलेली. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, रिकाम्या खाचरांतील ओलीवर वाल उगवलेला, मधूनच कोठे भेंडीचा हिरवागार मळा. किन्हवली मागे टाकून सरळगावच्या दिशेने काही अंतर गेल्यावर काळू नदीच्या खोऱ्यात मुख्य रस्ता सोडून आत वळावे लागते. तेथे आंब्याच्या जुन्या झाडांत आमचा वाडा.

वाडा हा शब्द आम्ही घरच्या सवयीने वापरतो. देशावरील चौसोपी वाड्यांची त्यास सर नाही. ते एक मोठे शेतावरचे घर आहे: सागाचे खांब, पुढे लांबलचक ओटी, मधे अंधारे माजघर, मागे पडवी, आणि घरभर पसरलेला लाकडी माळा. एका बाजूचे छप्पर खाली आले आहे आणि मंगलोरी कौलांचा ढीग तुळशीवृंदावनापर्यंत पोचला आहे. काका १९८६ साली वारले, त्यानंतर काकू मुलाकडे गेल्या, आणि तेव्हापासून येथे कोणी राहिले नाही. कुलूप गंजून बसले होते. किल्ली काही केल्या फिरेना. आम्ही त्याच्याशी झटापट करीत असता शेजारच्या ठाकूरवाडीतील एक वृद्ध स्त्री हातात विळा घेऊन आली. तिचा नवरा काकांच्या वेळी येथे गडी होता. तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले, "तुम्ही मधल्या भाऊंचे ना?" असे विचारले आणि पडवीच्या दाराचा निखळलेला कोयंडा दाखविला. त्या दाराने कोणीही केव्हाही आत जाऊ शकला असता. कोणी गेले नव्हते.

आत गेल्यावर पहिला तासभर आम्ही दोघे पुन्हा लहान झालो हे कबूल केले पाहिजे. झोपाळ्याच्या कड्या तुळईला तशाच होत्या. देवघर रिकामे, देव काकूंनी नेले, पण समईच्या तेलाचा काळा डाग फळीवर राहिला होता. माजघरात जमिनीत बसविलेले व्हायन, कोपऱ्यात भात भरडण्याचे घिरट, भिंतीशी शेणाने लिंपलेल्या दोन कणग्या. त्यांना उंदरांनी खालून वाटा पाडल्या होत्या. पावसाळ्यात गडी घेत त्या पानांच्या इरल्यांचा नुसता सांगाडा खुंटीवर. फडताळात पंचांगांचा गठ्ठा, फुटकी पाटी, काढ्याची बाटली आणि तांदूळ मोजण्याची लोखंडी पायली. भगिनीस तिची लाकडी ठकी सापडली, एका हाताची. ती तिने न बोलता पिशवीत टाकली. हे सगळे आमचे होते यात संशय नव्हता, आणि म्हणूनच पुढे जे झाले त्याची आम्हांस कल्पना आली नाही.

माळ्यावर चढलो तो कौलांच्या फटींतून आलेल्या उजेडात भांडीच भांडी दिसली. हंडे, कळशा, तपेली, परात, दोन घंगाळे; तांब्याची आणि पितळेची, धुरकटून काळी पडलेली, ओळीने पालथी घातलेली. भगिनी आनंदली. सतरा घरांना दोन दोन आली तरी सर्वांची सोय, असा हिशेब तिने तेथल्या तेथे केला. आम्ही एक हंडा उचलून उलटा केला. बुडाशी खिळ्याने १२ कोरलेले होते. दुसऱ्यावर ३३. तिसऱ्यावर ७. एकावरही नाव नव्हते.

खालच्या पेटीत लाल बासनात बांधलेल्या वह्या होत्या. निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकल्यामुळे आम्हांस अडखळत का होईना ती वाचता येते. ही विद्या इतक्या लवकर आणि अशा कामी येईल असे मात्र वाटले नव्हते. एक रोजकीर्द, एक खतावणी, आणि तिसरी गहाणवही. गहाणवहीत प्रत्येक पानास आकडा. आमची बोटे आपोआप ४१ व्या पानावर गेली.

ज्येष्ठ शके १८६५, म्हणजे १९४३ चा जून. शहापूर तालुक्यातील एका वाडीचा ठाकूर. वारावरून ठेवलेले नाव, पुढे आडनाव नाही, जातच आडनावाच्या जागी. हंडी तांब्याची १. खावटीस भात पायल्या १६, दराने दिढी.

या शब्दांचा अर्थ आजच्या वाचकांस सांगितला पाहिजे. या मुलखात पीक एकच, भाताचे किंवा माळावरील नाचणी-वरीचे. ते घरात येते मार्गशीर्षाच्या सुमारास, आणि होळीपर्यंत पुष्कळांच्या घरचे संपते. पुढे जंगलातील कंद, मोह, मजुरी यांवर दिवस काढून पावसाळा लागला की नांगर धरणाऱ्याच्याच घरात दाणा नसतो. त्या वेळी सावकाराकडून खाण्यापुरते धान्य आणावयाचे ती खावटी. आणि सुगीला ते दीडपटीने फेडावयाचे ती दिढी. व्याज शेकडा पन्नास, आणि तेही वर्षाचे नव्हे, सहा महिन्यांचे. ४१ व्या पानावर १६ पायल्यांच्या मार्गशीर्षात २४ झाल्या होत्या. त्या फिटल्या नाहीत. शके १८६६ च्या सुगीला ३६, त्याच्या पुढच्या सुगीला ५४. त्याखाली रेघ मारलेली आणि पुढे काही नाही. ही शेवटची ओळ आम्ही दोनदा वाचली. १६ पायल्या भात म्हणजे एका कुटुंबाचे फार तर काही आठवडे.

त्याच जूनची रोजकीर्द उघडून पाहिली. जमाखर्चाच्या इतर नोंदींमध्ये एक ओळ होती: चिरंजीवांस पुण्यास मनीऑर्डर, रुपये ३५. हे चिरंजीव म्हणजे आमचे वडील. ते तेव्हा महाविद्यालयात होते. आमच्या घरात पुढे जी पुस्तके आली, ज्या नोकऱ्या आल्या, जे इंग्रजी आले, त्या सर्वांचा उगम आम्ही आजपर्यंत वडिलांच्या बुद्धिमत्तेत मानीत आलो. बुद्धिमत्ता होतीच, ती आम्ही नाकारीत नाही.

गहाणवहीत एक गोष्ट आणखी लक्षात आली. भांडी ठेवणारे सारे कुणबी, ठाकूर किंवा कोळी. कातकऱ्यांचे एकही भांडे नाही. त्यांची पाने वहीच्या शेवटी निराळी होती, आणि तेथे वस्तूच्या रकान्यात 'गडी १' असे लिहिले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरामुलगा, आणि पुष्कळदा त्याची बायकोही, धन्याच्या घरी राबावयाची. ठाणे जिल्ह्यात अशा माणसास लग्नगडी म्हणत. हे काही आमच्या आजोबांनी काढलेले नवे शास्त्र नव्हे. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील जे आदिवासी मुलूख 'अंशतः वगळलेले' ठरले त्यांत शहापूर तालुका होता. खेर मंत्रिमंडळाने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून तेथील स्थितीची चौकशी करविली, आणि त्याच्या अहवालात हे लग्नाचे कर्ज, ही वेठ, सगळे नमूद आहे. तो अहवाल आम्ही फार पूर्वी वाचला होता. वाचताना ते सावकार कोणी दुसरे लोक आहेत असे वाटले होते.

भगिनी म्हणाली, "दादा, आजोबांनी दारातून कुणाला परत पाठवलं नाही, असं आजी नेहमी सांगायची." ते खरेच आहे. वहीच त्याची साक्ष देते. जो आला त्यास भात मिळाले. त्या काळी त्या मुलखात श्रावणात भात देणारा दुसरा कोण होता, आणि होता तो दुणीने देत नव्हता कशावरून, असेही तिचे म्हणणे पडले. दोन ठिकाणी 'सूट' असा शेराही आम्हांस आढळला आणि तो तिला दाखविताना आम्हांस थोडे बरे वाटले. पण माळ्यावर भांडी होती.

वहीच्या आत एक घडी केलेला फुलस्केप कागद होता. अक्षर बालबोध, काकांचे. वर तारीख १९७५ च्या डिसेंबरची आणि मथळा, 'परत द्यावयाची भांडी'. खाली ५८ आकडे. काहींसमोर नाव आणि वाडी. आणि २१ आकड्यांपुढे बरोबरची खूण.

तेव्हा कुठे आम्हांस स्मरण झाले. १९७५ साली महाराष्ट्र शासनाने अध्यादेश काढून, आणि पुढे त्याचा कायदा करून, अल्पभूधारक शेतकरी, खेड्यातील कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली. आणि नुसती कर्जेच रद्द केली नाहीत, तर त्यांपोटी गहाण पडलेली वस्तूही ज्याची त्यास परत जावी असे ठरविले. सावकारांनी तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७७ साली न्यायालयाने कायदा वैध ठरविला. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. आमच्या घरात मात्र कायदा म्हटला की एकच, कूळकायदा. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक झाली, आणि आमची जमीन गेली, ही कथा दर दिवाळीस कोणीतरी काढी. किती एकर, कोणती खाचरे, कोणत्या आंब्याखालची, हे आम्हां मुलांस तोंडपाठ होते. १९७५ च्या कायद्याचे नाव घरात निघाल्याचे आम्हांस आठवत नाही.

काकांनी सुरुवात तरी केली होती. मग २१ वरच का थांबले? आम्ही खाली उतरून त्या ठाकूर आजीला विचारले. ती ओटीच्या खाली पायरीवर बसली होती. वर ये म्हटले तरी आली नाही. म्हणाली, "तुमच्या काकांनी सांगावा धाडला होता, या नि आपापलं भांडं घेऊन जा म्हणून. जवळची आली ती घेऊन गेली. लांबची कशाला येतील? वाड्यावर बोलावलं म्हणजे काहीतरी काढलं असंल, असंच वाटायचं ना! काही तर भट्टीवर गेली होती. मग काका आजारी पडले." थोड्या वेळाने तिने विचारले, "वर एक पोचा पडलेली कळशी हाय का? गळ्यापाशी?" होती. आकडा २६. तिच्या सासूची. ती एवढी वर्षे घराच्या पन्नास पावलांवर राहत होती, दार ढकलले असते तर उघडले असते, आणि कळशी माळ्यावर आहे हे तिला ठाऊक होते. आम्ही ती खाली आणून दिली. तिने पदराने पुसली, आत तोंड घालून पाहिले, आणि विळा व कळशी घेऊन निघून गेली. भगिनीने मग ठकी पिशवीतून काढली आणि पुन्हा ठेवली. का ते तिलाच ठाऊक.

माळ्यावरील भांडी मोजली. कळशी धरून ३६. यादीप्रमाणे ५८ तून २१ गेल्यावर राहावयास हवीत ३७. कमी पडणारा आकडा शोधण्याची गरज आम्हांस नव्हती. आमच्या आईवडिलांनी ठाण्यात बिऱ्हाड केले ते १९७७ साली, आणि त्या वेळी काकांनी प्रेमाने ती हंडी दिली. त्या वेळी त्यांना यादी आठवत होती की नव्हती, आईस आकड्याचा अर्थ ठाऊक होता की नव्हता, हे आता सांगणारे कोणी राहिले नाही.

पुढील हकीगत थोडक्यात सांगतो. सतरा जणांच्या व्हॉट्सअप गटावर आम्ही वहीचे फोटो घातले. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. नंतर एकाने अशा जुन्या भांड्यांस मुंबईत काय दर येतो ते कळविले, दुसऱ्याने सर्व एखाद्या संग्रहालयास द्यावे असे सुचविले, आणि अमेरिकेतील एका पुतण्याने, ज्याने हा वाडा पाहिलेलाही नाही, "ज्यांची त्यांना द्या, यात विचारायचं काय?" असा एका ओळीचा संदेश धाडला. विरोध कोणी केला नाही. खर्चास कोणी पैसेही दिले नाहीत.

प्रत्यक्ष काम वाटले त्याहून अवघड निघाले. वाड्यांची नावे बदलली आहेत. मार्गशीर्षात निम्म्या वाड्यांना कुलुपे. दिवाळी झाली की माणसे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात, आणि तानसा, भातसा येथील याच तालुक्याचे पाणी मुंबईस जाते, ही गोष्ट रिकाम्या दारांसमोर उभे राहिल्यावर विशेषच जाणवली. आजीच्या नातवाने मोटारसायकलवरून हिंडून माणसे काढली. आजवर ११ भांडी गेली. काहींनी ती मुकाट्याने घेतली; एका घरी हसू झाले; एका तरुण शिक्षिकेने गहाणवहीतील आपल्या पणजोबांच्या पानाचा फोटो मागून घेतला आणि आम्हांस चहासुद्धा विचारला नाही. तिचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

हंडी आम्ही स्वतः घेऊन गेलो. झाड दुसऱ्या कुंडीत लावले, हंडी घासली आणि पौषातील एका सकाळी आसनगावची लोकल धरली. डब्यात एका बाईने तिचे वजन विचारले. वाडी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या रस्त्यापासून आत. ४१ व्या पानावरील माणसाचा मुलगा जिवंत आहे. वय ऐंशीच्या पुढे. तो अंगणात उन्हाला बसला होता. नातवाने त्याच्या कानाशी ओरडून सर्व सांगितले. म्हाताऱ्याने हंडी मांडीवर घेतली, उलटी केली, आकड्यावरून अंगठा फिरविला आणि आमच्याकडे वर पाहून विचारले, "किती द्यावं लागंल?"

काही नाही, असे आम्ही म्हणालो. त्याला ते पटले नाही. त्याने बोटे मोडून काही मोजले. बापाने चार वर्षे भात दिले होते, दोन पावसाळे तो स्वतः वाड्याच्या शेतावर राबला होता, लहान होता, गुरांमागे असे. तरी काही राहिले असेल तर आत्ताच सांगा, असे तो म्हणाला; मागाहून नको. वहीत त्या चार वर्षांच्या भाताची किंवा त्या दोन पावसाळ्यांची नोंद नव्हती. आम्ही पुन्हा सांगितले, काही राहिले नाही, आमच्याकडेच राहिले आहे. हे वाक्य नातवाने त्याच्या कानात सांगितले की नाही ते कळले नाही.

"मंग कागूद द्या," म्हातारा म्हणाला.

नातवाने शाळेच्या वहीचे पान फाडून आणले. आम्ही ओट्याच्या कडेस बसून फारखती लिहिली: हंडी तांब्याची १, आकडा ४१, परत पोचती केली, भात, व्याज, मजुरी यांपैकी आमचे कोणाकडे काही येणे नाही. खाली सही केली. नातवाने ती मोठ्याने वाचली, आणि वाचून झाल्यावर कागद आमच्यासमोर धरून म्हणाला, "तारीख राहिली."

आम्ही तारीख घातली.